पत्रा कुणी ठोकला?

२०१५ चा फेब्रुवारी. बारावीच्या प्रॅक्टिकल सुरू होत्या आणि मी केमिस्ट्रीचं जर्नल मांडीवर उघडं ठेवून फोनवर एका गाडीचे फोटो बघत होतो. नेट इतकं रडत चालायचं की फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उघडायचा. आधी नुसता काळोख. मग जुन्या मासिकांचा आणि कागदांचा ढीग. मग त्या ढिगाखालून बाहेर आलेली एक लांब, गडद निळी पाठ, बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ पांघरलेली. सगळ्यात शेवटी पुढचा गोल दिवा आणि त्याच्यावर थेंबासारखी बसवलेली पारदर्शक काच. मी जर्नल बंद केलं. (तीसपैकी किती पडले ते विचारू नका.)

गाडी कुठली ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरून आहे. फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. टप खाली करता येणारी, दोन माणसांची गाडी. अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी मारानेल्लोच्या मागे लागून ती बनवून घेतली. पूर्वेकडचे लुइजी किनेत्ती आणि पश्चिमेकडचे जॉन फॉन न्यूमन ही त्यातली दोन मोठी नावं. (कॉम्प्युटरवाला फॉन न्यूमन वेगळा. मी सेकंड इयरपर्यंत दोघांना एकच समजत होतो आणि त्यामुळे त्या माणसाबद्दलचा माझा आदर दुप्पट होता.) सुरुवातीच्या गाड्यांचा व्हीलबेस २६०० मिलिमीटरचा. १९६० पासून आखूड गाड्या आल्या, २४०० मिलिमीटरच्या. या आखूड गाड्या जगात फक्त ५६ बनल्या, आणि त्यातल्या ३७ गाड्यांच्या दिव्यांवर ती काच होती. इंजिन तीन लिटरचं, बारा सिलिंडरचं. हे सगळे आकडे मला तेव्हा पाठ होते. मोल कन्सेप्ट पाठ नव्हता.

फोटोतली गाडी त्या ३७ पैकी एक. चॅसी क्रमांक २९३५ जीटी. १९६१ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती उभी होती. मग जेरार ब्लँ या नटाने ती घेतली. त्याच्याकडून १९६३ साली आलँ दलाँने घेतली. दलाँ म्हणजे त्या काळातल्या फ्रेंच सिनेमाचा सगळ्यात देखणा चेहरा. त्याने ती दोनेक वर्षं वापरली, तिच्यात जेन फोंडाला बसवून फिरवलं, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी फोटो काढले. पुढे १९७१ साली ती रोजे बायों नावाच्या माल-वाहतूकवाल्याकडे आली. बायोंना मोटारींचं म्युझियम काढायचं होतं. सत्तरच्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, म्युझियम झालंच नाही. उरलेल्या गाड्या पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतावर, पत्र्याच्या शेडखाली, वेली चढेपर्यंत पडून राहिल्या. २०१४ साली आर्क्युरियाल या पॅरिसच्या लिलावकंपनीचे लोक तिथे पोचले तेव्हा ५९ गाड्या होत्या. त्यातल्या काही इतक्या सडल्या होत्या की त्यांना गाडी म्हणणं हा उपचार होता. ही फेरारी मात्र बंद गॅरेजमध्ये, एका मासेरातीच्या शेजारी, कागदांच्या ढिगाखाली जवळजवळ शाबूत.

फोटो मी मामांना दाखवला. माझे मामा कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटर आहेत. डेंटर म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा पुन्हा मूळ आकारात आणणारा माणूस. पेंटर त्याच्यानंतर येतो आणि सगळी वाहवा घेऊन जातो. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांपाशी धरला आणि गाडीच्या नावाबिवाची काही चौकशी न करता म्हणाले, "डिकी जर्मन हाय."

"नाही मामा, इटालियन गाडी आहे. फेरारी."

"गाडी कुठलीबी असू दे रं. पत्रा जर्मन हाय म्हंतोय मी."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या पातेल्यांना जर्मनची पातेली म्हणतात. मामांचं म्हणणं होतं की डिकीचा पत्रा अॅल्युमिनियमचा आहे. मी विचारलं, फोटोवरून कसं कळलं?

"कागदाच्या वजनानं लोखंडी पत्रा एवढा बसतोय व्हय? आन् बसला तरी तेला घडी पडती. ह्यो बघ, उशीवानी दबलाय. कुणीतरी मऊ हातानं काढाय पायजे, न्हाईतर फाटंल."

इंजिनिअरिंगला गेल्यावर कधीतरी या गाडीची रचना नीट वाचायला मिळाली. बॉडी पोलादी. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. मी हॉस्टेलच्या कॉटवर उठून बसलो. मामा सातवी शिकलेत. फेरारी त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही. साडेचार इंची स्क्रीनवरच्या एका अंधाऱ्या फोटोतून त्यांनी धातू ओळखला होता.

६ फेब्रुवारी २०१५ ला पॅरिसमध्ये लिलाव झाला. अंदाज होता ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरोंचा. कमिशनसकट गाडी गेली जवळपास १ कोटी ६३ लाख युरोंना. तेव्हाच्या भावाने साधारण ११५ कोटी रुपये. आणि या गाडीची जी जी वर्णनं मी गेल्या दहा वर्षांत वाचली, त्या प्रत्येकात मालकांची साखळी आहे: ब्लँ, दलाँ, बायों. कुणी कुणाकडून घेतली, कुठल्या साली, सिनेमाच्या कुठल्या शूटिंगला नेली, शेजारच्या सीटवर कोण होतं. लिलावाच्या धंद्यात या साखळीला मोठा मान आहे. ती तुटली की भाव पडतो. त्या साखळीत आलँ दलाँचं नाव आहे कारण त्याने गाडी चालवली. बायोंचं नाव आहे कारण त्यांनी ती त्रेचाळीस वर्षं चालवली नाही. आणि ज्याने ती डिकी ठोकून आकाराला आणली, त्याचं नाव कुठेच नाही.

माझं भांडण एवढंच आहे, पण ते मला शेवटपर्यंत भांडायचंय.

या गाड्यांच्या बॉडी मोदेनामध्ये सर्जिओ स्कालिएत्तीच्या कारखान्यात बनत. स्कालिएत्ती कोण होता? तेरा वर्षांचा असताना वडील गेले म्हणून मोदेनातल्या गाड्यांच्या बॉडीच्या गॅरेजमध्ये कामाला लागलेला पोरगा. म्हणजे शुद्ध कोल्हापुरीत सांगायचं तर डेंटर. पुढे फेरारीच्या जागेसमोर स्वतःची शेड टाकली, एन्झो फेरारीला हात आवडला, आणि पन्नाशीच्या दशकापासून फेरारीच्या कितीतरी गाड्यांचे पत्रे त्याच्याकडे घडले. रेखाटन पिनिनफारिनाकडून यायचं. पण कागदावरची रेघ आणि पत्र्याचा फुगवटा यांच्यात जे अंतर असतं ते हातोडी पार करते. स्कालिएत्तीची माणसं वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ठोकत आणि डोळ्याने आकार जुळवत. म्हणूनच त्या काळच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. एकाच गाडीची डावी बाजू उजवीसारखी नसते. मामांना हे सांगितलं तर त्यांना त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. "सारखी असली म्हंजे मशीनचं काम," एवढंच म्हणाले.

स्कालिएत्तीला नाव मिळालं, आणि त्याचा मला आनंद आहे. फेरारीने २००४ साली एका आख्ख्या मॉडेलला त्याचं नाव दिलं. २०११ साली तो गेला तेव्हा ९१ वर्षांचा होता आणि जगभरच्या पेपरांनी दखल घेतली. पण नाव मिळालं ते शेडच्या मालकाला. त्या शेडमध्ये त्याच्यासोबत उभे राहून ठोकणारे बाकीचे कुठे गेले? अशी गाडी तपासायला येणारा जाणकार बॉनेट उघडतो आणि पत्र्याची आतली बाजू बघतो, कारण बाहेरून घासून-पॉलिश करून सगळं सपाट केलेलं असलं तरी आत हातोडीचे घाव राहिलेले असतात. पत्र्याच्या आत बॉडीचा क्रमांकही ठोकलेला असतो. घाव जुने, हाताचे आणि क्रमांक जुळणारे असले की गाडी अस्सल. त्या घावांवर काही कोटी रुपये अवलंबून असतात. घाव पुरावा म्हणून चालतात, ते घालणारा माणूस साक्षीदार म्हणूनसुद्धा लागत नाही.

हे मी ऑफिसात बोललो तर मला तीन प्रकारची उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर नैतिक. शेतकरी मरतायत आणि लोक गाडीवर ११५ कोटी उडवतायत, तुला डेंटरच्या नावाचं काय पडलंय? हे बोलणारा मित्र तेव्हा नवीन फोनच्या बॉक्सवरचं प्लॅस्टिक सोलत होता, ते असो. या उत्तराचा मला कंटाळा आहे. ते खरं असलं तरी आळशी आहे, कारण ते गाडीकडे बघतच नाही. त्याला गाडीच्या जागी चित्र, हिरा किंवा क्रिकेटर ठेवला तरी वाक्य तेच राहतं. मला गाडीकडे बघायचंय. ती सुंदर आहे. चाकावरून मागे जाताना मडगार्डचा फुगवटा जिथे दाराच्या रेषेत विरतो ती जागा मी शंभरदा बघितली असेल. सुंदर गोष्ट महाग झाली हा तिचा गुन्हा नाही.

दुसरं उत्तर गुंतवणूकवाल्यांचं. आमच्या वयाच्या पोरांत हे सगळ्यात जास्त चालतं. नाईट फ्रँकच्या ऐषारामी गुंतवणुकीच्या निर्देशांकात घड्याळं, वाईन, हँडबॅगा यांच्यासोबत जुन्या मोटारीही मोजतात. अमेरिकेत रॅली नावाच्या अॅपवर दुर्मिळ मोटारींचे शेअर विकत घेता येतात. म्हणजे तुमच्याकडे एखाद्या गाडीचा हिस्सा असू शकतो आणि तिच्या दाराला तुम्ही आयुष्यात हात लावलेला नसतो. माझ्या टीममधल्या एकाला हे ऐकून अतोनात आनंद झाला. कुठली गाडी, ते त्याने विचारलं नाही. परतावा किती, ते विचारलं. त्याच्याशी माझं भांडण नाही, आम्ही वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

तिसरं उत्तर खरं अवघड आहे आणि ते मला एका जाणत्या सीनियरने दिलं. तो म्हणाला, किंमत आहे म्हणून या गाड्या वाचल्या. भाव नसता तर भंगारात गेल्या असत्या. आणि श्रीमंत माणूस पैसे ओततो म्हणूनच इटलीत, इंग्लंडमध्ये आज पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांना काम आहे.

हे बरोबर आहे. अर्धं. एकेकाळी या गाड्या निव्वळ जुन्या गाड्या होत्या आणि त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, भाव चढले तशा त्या जपल्या गेल्या. पण भाव वाचवतो तसा मारतोही. फेरारीची २५० जीटीई नावाची चार सीटची गाडी होती. साडेनऊशेच्या आसपास बनल्या. दुर्मिळ नाहीत म्हणून स्वस्त. त्यांच्याखाली तीच बारा सिलिंडरची यंत्रणा. मग लोकांनी काय केलं? धडधाकट जीटीईच्या बॉडी कापून फेकल्या आणि त्या सांगाड्यांवर महागड्या भावंडांच्या नकला उभ्या केल्या. प्रत्येक जीटीईचा पत्रा कुणीतरी घडवलेला होता. जी गाडी नावाने लहान, तिच्यावरचे घावही लहान ठरले. भावाला घाव दिसत नाहीत, त्याला नाव दिसतं. नटाचं असेल तर उत्तमच. जेम्स कोबर्न या अमेरिकन नटाची कॅलिफोर्निया स्पायडर २००८ साली मारानेल्लोत ७० लाख ४० हजार युरोंना गेली तेव्हाही मथळ्यात कोबर्नच होता.

आणि कारागिरांना काम मिळतं हे खरं असेल, तर मग नाव छापायला काय जातं? नामांकित रिस्टोरेशन कंपनीने काम केलं असेल तर तिचं नाव वर्णनात ठळक येतं, कारण त्याने भाव वाढतो. म्हणजे जागा आहे, शाई आहे, सवयही आहे. फक्त माणसाचं नाव येत नाही. मी प्रोग्रामर आहे. आमच्या धंद्यात एक साधी कमांड असते, गिट ब्लेम. कुठलीही फाईल उघडा आणि ती चालवा, प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव आणि तारीख येते. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या इंटर्नचंसुद्धा. लिलावाचा कॅटलॉग म्हणजे ज्यातून लिहिणाऱ्यांची नावं पुसून सर्व्हरचं भाडं भरणाऱ्यांची यादी लावली आहे असा कोड आहे.

या गाडीच्या बाबतीत आणखी एक गंमत झाली. धूळ. लिलावाआधी रेत्रोमोबील या पॅरिसच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात बायोंच्या गाड्या जशा सापडल्या तशा, धुळीसकट, मंद उजेडात मांडल्या होत्या. लोक रांगा लावून बघत होते. सोशल मीडियावर आमच्यासारख्यांनी उसासे टाकले, काळ थांबलाय वगैरे. मीही टाकला, लपवत नाही. आता बघताना मला वाटतं की त्या धुळीला आपण नको तेवढी इज्जत दिली. धूळ म्हणजे त्रेचाळीस वर्षं कुणी फडकं मारलं नाही याचा पुरावा. गाडी उभी राहिली की सील सुकतात, ब्रेक धरतात, टाकीतल्या पेट्रोलचं डांबर होतं. ज्यांना जुना कोड चालू ठेवण्याचं काम करावं लागलंय त्यांना हे सांगायला नको. दहा वर्षं न चालवलेला प्रोग्राम जपलेला नसतो, तो कधी मेला ते फक्त कुणाला कळलेलं नसतं. मग ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर कुणी आणायची? उशीसारखा दबलेला पत्रा मऊ हाताने काढणारा कुणीतरी लागणारच. धुळीचा फोटो जगभर गेला. पत्रा काढणाऱ्याचा जाईल अशी माझी अपेक्षा नाही.

इथवर मी लिलाववाल्यांना बोललो. आता माझं.

माझी नोकरी पुण्यात आहे, आणि मी ज्या सिस्टिमवर काम करतो ती गाडीच्या नुकसानीचे फोटो बघून अंदाज काढते. तुमची गाडी ठोकली, तुम्ही फोनवरून चार फोटो काढून विम्याच्या अॅपमध्ये टाकले, की आमचं मॉडेल प्रत्येक भागापुढे लिहितं: दुरुस्त करा किंवा बदला. म्हणजे मामांनी २०१५ साली जे एका नजरेत केलं, ते आम्ही सर्व्हर लावून करतो. त्यांच्यापेक्षा वाईट करतो, पण हजारपट वेगाने.

मॉडेलला हे शिकवलं कुणी? सुरुवातीला आम्ही गॅरेजमधले अनुभवी डेंटर बसवले होते. ते फोटोवर बोटाने गोल काढायचे आणि सांगायचे, हा निघंल, हा निघणार नाही. फोटोमागे ठरावीक पैसे. काही महिने ते आले, हजारो फोटो झाले, काम संपलं. डेटाबेसमध्ये त्या प्रत्येक खुणेपुढे एक कॉलम आहे, खूण करणाऱ्याचा आयडी. एल ०१, एल ०२, एल ०३. नावाचा कॉलम नाही. तो टेबल मी डिझाईन केला होता. कुणी मला नाव ठेवू नको असं सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही. मामांसारख्या माणसांच्या चाळीस वर्षांच्या नजरेतून बनलेल्या मॉडेलमध्ये त्यांचं नाव टाकायला मला पन्नास अक्षरांचा एक कॉलम लागला असता, आणि मी तेव्हा वेळेत डिलिव्हरी दिल्याबद्दल शाबासकी घेत होतो.

आणि मॉडेल काय सांगतं? शंका आली की बदला. बदलणं सोपं, नव्या भागाची किंमत यादीत असते. ठोकून काढण्याची किंमत माणसागणिक बदलते, ती यादीत बसत नाही. त्यामुळे आता विम्याची गाडी थेट कंपनीच्या वर्कशॉपला जाते, जुना दरवाजा भंगारात आणि नवा खोक्यातून बाहेर. मामांकडे येतात त्या विमा संपलेल्या गाड्या, टेम्पो, आणि ज्यांचे भाग मिळायचे बंद झालेत त्या. हाताखाली पोरगं टिकत नाही. पूर्वी दोन-दोन असायची. आता शिकायला येतो तो महिन्याभरात डिलिव्हरीच्या गाडीवर जातो, आणि त्याला मी काय तोंडाने नावं ठेवू, मीही गेलोच की. "तू संगणकाकडं जा, हितं कान जात्यात," असं म्हणून मला दुकानातून हाकलणारे मामाच होते. त्यांचा डावा कान गेलेला आहे. उजव्या बाजूने बोलावं लागतं.

म्हणून मी जेव्हा म्हणतो की नावं छापा, तेव्हा ते दुसऱ्याला सांगणं सोपं आहे म्हणून म्हणत नाही. मी आमच्या टेबलमध्ये कॉलम वाढवायची मागणी टाकली आहे. तीन स्प्रिंट झाले, ती खाली ढकलली जाते, कारण तिच्याने कुठला आकडा हलत नाही. लिलावकंपनीतही कुणीतरी असंच म्हणत असेल. साठ वर्षांपूर्वी मोदेनातल्या शेडमध्ये कोण कोण होतं हे आज शोधणं कठीण असेल, मान्य. पण नटाने कुठल्या दिवशी कुणाला शेजारी बसवलं हे शोधायला संशोधक लावतात, जुने फोटो खणून काढतात, तर पगारपत्रक खणायला काय हरकत आहे? आणि जे आज त्या गाड्यांवर काम करतायत ते तर हयात आहेत. त्यांना नाव विचारायला संशोधक लागत नाही.

कोल्हापूरकर म्हणून एक सांगतो. आमच्याकडे छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक आहे. दसऱ्याला राजघराणं त्या जुन्या गाडीतून दसरा चौकात येतं आणि माणसं सोन्यापेक्षा गाडीकडे जास्त बघतात. लहानपणी मीही बापाच्या खांद्यावर बसून बघितली आहे. मला ही पद्धत बायोंच्या शेडपेक्षा आणि पॅरिसच्या मंद उजेडापेक्षा लाखपटीने आवडते, कारण गाडी सगळ्यांसमोर चालते. चालते म्हणजे ती चालू ठेवणारं कुणीतरी आहे. या दसऱ्याला गर्दीत मी शेजारच्या चार जणांना विचारलं, हिचं काम कोण बघतं? गाडीच्या नंबरपासून टायरपर्यंत सगळं सांगणारे निघाले. हे कुणालाच माहीत नव्हतं. मला पण नव्हतं, आणि मी त्या गावचा आहे.

त्याच संध्याकाळी मामांच्या दुकानात गेलो. हत्यारांची पूजा झाली होती. हातोड्या, डॉल्या, लाकडी ठोकळे, वाळूची जुनी पिशवी, सगळ्यांना हळद-कुंकू, वर झेंडूची फुलं. मी लॅपटॉप काढला. मामांना दाखवायचं म्हणून आदल्या रात्री मी एक उद्योग केला होता. २९३५ जीटीचा तो जुना फोटो, कागदाचे ढीग बाजूला केल्यानंतरचा, आमच्या मॉडेलला घातला होता. मॉडेलने डिकीभोवती लाल चौकोन काढला आणि पुढे लिहिलं: बदला.

मामांनी उजवा कान पुढे केला. "काय म्हंतंय?"

"डिकी बदला म्हणतंय."

"११५ कोटीच्या गाडीची?" ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग गप्प बसून स्क्रीनकडे बघत राहिले. मॉडेलला अशा खुणा करून कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमच्यासारखेच होते तिघेजण. नावं? मला त्यातल्या एकाचंच आठवलं, तेसुद्धा अर्धं. मामांनी काही म्हटलं नाही. झेंडूची एक पाकळी कीबोर्डवर पडली होती ती उचलली.

निघताना त्यांनी पुन्हा फोटो मागितला. डिकीचा तो खड्डा दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्यो बाहेरनं काढलाय. पुढच्या खेपंला येताना आतनं काढलेला आण. डिकी उघडून, खालनं वर. घाव कसं घातल्यात बघू दे."